गायधनी साहेबांच्या कानावर

माझं काम एका वाक्याचं होतं. "साहेब, आमच्या तेजलला डिझाइन ऑफिसला घ्या, प्रेसशॉपला नको." हे वाक्य कंपनीच्या गायधनी साहेबांच्या कानावर घालायचं आणि घरी येऊन जेवायचं, इतका साधा बेत होता. पण त्या वाक्यासाठी पुढे शेजाऱ्यांची गाडी निघेल, देवळ्याहून आक्का येईल, आणि मला एका कंपनीच्या गेटवर परीक्षेला बसून नापास व्हावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी सरळ पत्र पाठवलं असतं.

तेजल माझी मुलगी. मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजातूनच अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने तिला उचललं. कंपनीचं नाव लिहायचं नाही असं तिने बजावलं आहे, आणि हल्ली घरात तिने बजावलेलं सगळेच पाळतात. तिचं पद 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी'. म्हणजे डिग्री मिळाली, तरी शिकणं संपलेलं नाही असं कंपनीने लेखी कळवलं होतं. वर्षभर सगळ्या खात्यांतून फिरवतात. स्टोअर, क्वालिटी, डिझाइन, आणि प्रेसशॉप. वर्ष संपलं की कोणाला कुठे कायम करायचं ते प्लँटचे मुख्य गायधनी साहेब ठरवतात.

डिझाइन ऑफिस मी गेटजवळच्या काचेतून पाहिलं होतं. एसी, फिरत्या खुर्च्या, कुंडीतलं झाड. प्रेसशॉप मी पाहिलं नव्हतं, पण तेजलच्या तेलाने काळ्या झालेल्या नखांवरून मला त्याचा अंदाज होता. तिथे जाड पत्रा भल्यामोठ्या प्रेसखाली ठेवतात, वरून घण आल्यासारखा दणका बसतो आणि गाडीचा एखादा भाग तयार होतो. आमच्या कन्येला हवं होतं ते नेमकं हेच खातं.

"बाबा, डिझाइनला बसून मी जे काढणार ते शेवटी इथेच बनतं ना? मग आधी इथे काय चालतं ते कळायला नको?" ती म्हणाली.

यावर मी आवाज चढवला. माझी बायको मोहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "उत्तर नसलं की तुमचा आवाज किती मोकळा होतो हो!" संसारात अशी वाक्यं गिळायची असतात.

माझ्या विरोधाचं खरं कारण प्रेसचा दणका नव्हतं, नखांतलं तेलही नव्हतं. खरं कारण खालच्या मजल्यावरचे धोंडीरामभाऊ. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, त्यामुळे लोखंडाविषयी सोसायटीत त्यांचाच शब्द शेवटचा. तेजलने प्रेसशॉपचं नाव काढल्याचं कळताच ते वर आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "प्रेसवरच्या माणसाने हात पुढे केला ना, की मी आधी बोटं मोजतो." एवढं बोलून त्यांनी बिस्किट घेतलं. त्या दिवसापासून तेजल जेवायला बसली की माझं लक्ष तिच्या ताटात नसायचं, हातांवर असायचं.

आता गंमत बघा. तेजललाही नेमकी हीच काळजी होती, पण तिने माझ्यासारखं झुरण्याऐवजी त्यावर प्रोजेक्ट घेतला. प्रत्येक ट्रेनीला एक सुधारणा करून दाखवावी लागते. तिने सगळ्यात जुना प्रेस निवडला आणि त्याच्या तोंडाशी दोन उभे खांब बसवले. एका खांबातून न दिसणारे किरण निघतात, दुसरा ते झेलतो. मध्ये बोट जरी आलं तरी प्रेस जागच्या जागी थांबतो. याला ते लाइट कर्टन म्हणतात. घरात आम्ही नुसतं 'पडदा' म्हणायला लागलो. खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर या प्रेसवर पहिला मानाचा पार्ट काढायचा, साहेबांनी स्वतः बघायचं, आणि त्यावरच तेजलचं खातं ठरायचं, असं होतं.

"मग खंडेनवमीलाच गाठा!" धोंडीरामभाऊ म्हणाले. "त्या दिवशी कंपनीत घरच्यांना सोडतात. एरवी साहेब हा साहेब असतो. खंडेनवमीला तो कपाळाला कुंकू लावून फिरतो, तेव्हा माणसात असतो. शाल-नारळ द्यायचा, आणि शाल पांघरता पांघरता कानात वाक्य सोडायचं. मी येतो बरोबर. गाडी काढतो."

मला हा बेत आवडला. मोहिनीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "तेजलला सांगितलंत?" मी म्हणालो, काही गोष्टी मुलांच्या भल्यासाठी न सांगता करायच्या असतात. ती म्हणाली, "करा. पण मी साक्षीदार म्हणून येणार, तुमच्या बाजूने नाही."

मग वत्सलाआक्काचा फोन आला. ही माझी थोरली बहीण, देवळ्याला असते. भाचीचं मशीन बघायला मिळतं म्हटल्यावर तिने कांद्याची निवड अर्धी टाकली आणि एसटी धरली. उतरली ती पूजेचं ताट घेऊनच. "कंपनीना कुंकूवर मना भरोसा नही," ती म्हणाली.

कंपनीच्या गेटवर माझ्या बेताची पहिली आहुती पडली. शाल आत नेता येणार नाही, असं सिक्युरिटीवाला म्हणाला. साहेबांना भेटवस्तू द्यायची नाही असा नियम आहे. मी म्हणालो, ही भेटवस्तू नाही, सत्कार आहे. तो म्हणाला, सत्कार परत जाताना इथून घेऊन जा. नारळ आणि आक्काचं ताट मात्र पूजेत चालतं म्हणून सोडलं. मग आमच्या पायांकडे बघून त्याने मान हलवली. सगळ्यांच्या पायांत चपला. मग आमच्या चपलांवरूनच लोखंडी टोकाची रबरी आवरणं चढवली गेली. आक्काच्या नऊवारीखालून ती टोकं अशी निघाली होती, की धोंडीरामभाऊ मागे सरकून चालू लागले.

त्यानंतर एका खोलीत बसवून सुरक्षेचा व्हिडिओ दाखवला. व्हिडिओनंतर प्रश्न विचारणार हे कोणी आधी सांगितलं नाही. मी त्या वेळात माझं वाक्य मनात घोटत होतो. 'घ्या' म्हणावं की 'घ्यावं' म्हणावं, असं चाललं होतं. आक्काला विचारलं, पिवळ्या रेषेचा अर्थ काय? ती म्हणाली, "तठे पाय ठेवाना नही." पास. मोहिनी पास. धोंडीरामभाऊंनी उत्तराबरोबर व्हिडिओतली एक चूकही दाखवली. मला विचारलं, सायरन वाजला तर काय कराल? मी म्हणालो, वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहीन. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाचं हे प्रामाणिक उत्तर होतं. मला व्हिडिओ पुन्हा बघायला बसवलं. बाकीचे सरबत प्यायले.

तेजल न्यायला आली ती निळ्या शर्टात, डोक्यावर हेल्मेट, पायात जड बूट. घरी हीच मुलगी चादरीची घडी घालायचा कंटाळा करते. इथे ती पुढे चालत होती आणि माणसं बाजूला होत होती, "मॅडम, एअर प्रेशर बघून घेतलं," असं सांगत होती. मला उगाचच घसा खाकरावासा वाटला. "बाबा, पिवळ्या रेषेच्या आतून चला," ती म्हणाली, आणि मी चाललो.

प्रेसशॉप मी मनात एक अंधारी भट्टी म्हणून रंगवलं होतं. प्रत्यक्षात ते आमच्या सोसायटीच्या जिन्यापेक्षा स्वच्छ निघालं. ओळीने उभे प्रेस, प्रत्येकाला झेंडूची माळ, आंब्याचे डहाळे, हळदीकुंकवाचे स्वस्तिक. पान्यांची सुद्धा मांडून पूजा केलेली. तेजलच्या प्रेसवर निवृत्ती नावाचे ऑपरेटर होते, मूळचे घोटीचे. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि स्वतःच सांगायला लागले.

"मी सुरवातीला लय भांडलो मॅडमशी. म्हटलं हा पडदा सारखा मशीन थांबवणार, काम कसं उरकायचं? कोणी दुसरं असतं तर साहेबाकडं गेलं असतं. ह्या गेल्या नाय. माझ्याबरोबर शिफ्टभर उभ्या राहिल्या, पत्रा कसा घालतो ते बघितलं, अन पत्रा सरकवायची पट्टीच बदलली. आता हात आत न्यायचं कामच नाय."

मी चटकन त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांची बोटं जागेवर होती. मी धोंडीरामभाऊंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

एवढ्यात गायधनी साहेब आले. उंच, शांत माणूस, कपाळावर कुंकू. धोंडीरामभाऊंनी मला कोपराने ढोसलं. मी पुढे झालो, ओळख सांगितली, आणि शेजारी कुणी नाही असं बघून माझं वाक्य बोललो. नुसतं वाक्य नाही, त्याला पुढेमागे जोडून मुलीचा नाजूक स्वभाव, तिच्या आईचा रक्तदाब (जो नाही), आणि डिझाइनची तिची लहानपणापासूनची आवड (जी रांगोळीपुरती होती) हेही सांगितलं. साहेब हसतमुखाने ऐकत होते. मान हलवत होते. माझं संपल्यावर त्यांनी कानातून पिवळा बोळा काढला आणि म्हणाले, "माफ करा, कॉम्प्रेसर चालू आहे ना, नियमाने घालावे लागतात. काय म्हणत होतात?"

तेवढ्यात त्यांना कोणीतरी आरतीला बोलावलं. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं भाषण कापसाने ऐकलं.

मी हा अपमान गिळत असताना आक्का माझ्याजवळ आली. "भाऊ, समदासले कुंकू शे, मंग पोरना ह्या दोन खांबच कसा कोरडा शेतस?" मी बघितलं, तर खरंच. प्रेसला स्वस्तिक, बटनांच्या पेटीला स्वस्तिक, आणि माझ्या मुलीच्या पडद्याचे दोन खांब मात्र कोरेच. तेजल मागे आरतीला उभी होती. मी कचेरीतल्या सवयीने, काही माहीत नसताना पूर्ण अधिकाराने म्हणालो, "राहून गेलं असेल. लाव तू." आक्काने बोट ओलं केलं आणि दोन्ही खांबांवरच्या उभ्या काचेच्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत हळदीकुंकू असं भरून लावलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नजर नही लागाव आते," ती म्हणाली. मीही हात जोडले.

आरती झाली. नारळ फुटला. सगळे पिवळ्या रेषेमागे सरकले. धोंडीरामभाऊ पुटपुटले की खंडेनवमीला मशीन चालवणं शास्त्रात बसत नाही, पण शास्त्राला इथला पास मिळाला नव्हता. निवृत्तींनी पत्रा ठेवला, दोन्ही हातांनी बटनं दाबली.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबली. खांबावर लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. प्रेस ढिम्म. मागून कुणीतरी हसलं. प्रेसशॉपचे मॅनेजर पुढे आले. निवृत्ती हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पडद्याची चावी फिरवून एकच स्ट्रोक मारून घेऊ का? साहेब उभे हायेत. मागून बघू काय झालं ते."

म्हणजे पडदा बंद करून प्रेस चालवायचा. कुणाला कळणारही नव्हतं. मॅनेजर घड्याळाकडे बघून म्हणाले, "कर गं तेजल, मुहूर्त चाललाय. एक पार्ट काढ आणि मोकळी हो." आणि मी, तिच्या बोटांसाठी रात्रंदिवस झुरणारा बाप, मनात हात जोडून म्हणत होतो, कर बाई, फिरव ती चावी, सगळे बघतायत!

"नाही," तेजल म्हणाली.

आवाज चढवला नाही. घसाही खाकरला नाही. "पडदा नाही म्हणतोय म्हणजे काहीतरी कारण आहे. ते कळल्याशिवाय प्रेस चालणार नाही, सर." तिने मुख्य स्विच पाडला, खिशातून स्वतःचं कुलूप काढून त्याला लावलं, आणि किल्ली खिशात टाकली. आता गायधनी साहेबांनी ठरवलं असतं तरी तो प्रेस चालला नसता. एवढ्या माणसांना ताटकळत ठेवून ती शांतपणे बॅटरी घेऊन खांबाशी वाकली.

मला आधी कळलं, मग मोहिनीला, मग आक्काला. आक्काने ताट पदराखाली घेतलं.

तेजलने बोटाने काच पुसली. बोट लाल झालं. "कुंकू आहे, सर. काच झाकली गेली, त्यामुळे किरण पोचत नाहीत. पडद्याला दिसत नव्हतं, म्हणून त्याने प्रेस चालू दिला नाही. त्याने बरोबर केलं."

"कोणी लावलं?" साहेबांनी विचारलं. कॉम्प्रेसर नेमका त्याच वेळी थांबला, त्यामुळे प्रश्न सगळ्या शॉपमध्ये ऐकू गेला.

मी खूप वर्षं कचेरीत काढली आहेत. 'कोणी केलं' हा प्रश्न आला की काय करायचं असतं, ते मला पाठ आहे. आधी आपल्या टेबलाचा संबंध नाही हे सांगायचं, मग शेजारच्या टेबलाकडे बघायचं. तेजलला तर खोटंही बोलायची गरज नव्हती. 'माहीत नाही सर, गर्दी होती' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने आक्काच्या पदराकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"माझ्या घरच्यांनी, सर. त्यांनी प्रेमाने लावलं. काचेला काही लावू नका, हे मी इथल्या लोकांना सांगितलं होतं, पण आज पाहुणे येणार हे माहीत असून पूजेपुरतं कव्हर घालायचं मला सुचलं नाही. चूक माझी आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे शेवटचं वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. माझा ऊर असा भरून आला, की मला रेषेमागे उभं राहणं कठीण झालं. अशा मुलीला मी कुंडीतल्या झाडाशेजारी बसवायला निघालो होतो!

आक्काला राहवलं नाही. ती पुढे येऊन म्हणाली, "साहेब, पोरना काय दोष नही. मी लावं. अन ह्या मना भाऊनी 'लाव' सांगं." सख्खी बहीण. निवृत्ती खो खो हसले, मग मॅनेजर, मग सगळी रांग. मी हसण्याचा प्रयत्न केला, पण तो सफल झाला नाही.

तेजलने ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने काच पुसली, स्वतःचं कुलूप काढलं, स्विच वर केला. हिरवा दिवा लागला. निवृत्तींनी बटनं दाबली आणि असा दणका झाला, की आक्का माझ्या दंडाला लटकली. पार्ट बाहेर आला. मग तेजलने एक लांब दांडी चालत्या प्रेसच्या तोंडात घातली, आणि ते सगळं अजस्र लोखंड मधल्या मधे थबकलं. पुन्हा घातली, पुन्हा थबकलं. साहेबांनी दांडी मागून घेतली आणि स्वतः करून पाहिलं. टाळ्या निवृत्तींनी सुरू केल्या.

"मुहूर्त गेला," मॅनेजर म्हणाले.

"जाऊ दे," साहेब म्हणाले. "मुहूर्तासाठी चावी फिरवली असती, तर मी उद्याच हा प्रोजेक्ट बंद केला असता." मॅनेजर पान्यांची पूजा बघायला लागले.

मग साहेब माझ्याकडे वळले. दोन्ही कानांतले बोळे काढून त्यांनी खिशात टाकली. "हां, मघाशी आपलं बोलणं राहिलं. 'तेजल' आणि 'प्रेसशॉप' एवढे दोनच शब्द पोचले होते. तिच्या पोस्टिंगबद्दल काहीतरी म्हणत होतात ना? बोला, आता नीट ऐकू येतंय."

सगळे थांबले. ज्या कानासाठी सकाळपासून एवढी यातायात केली, तो कान समोर होता. धोंडीरामभाऊंचं कोपर बरगडीत आलं. मोहिनी साक्षीदाराच्या चेहऱ्याने बघत होती. आणि तेजल हातातलं कुंकवाने भरलेलं फडकं तसंच धरून उभी होती. बेत तिला कधीच कळला होता हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिने मला अडवलं नाही. घाबरली मात्र होती. एवढ्या वेळात पहिल्यांदा, आणि ती माझ्यामुळे.

"काही विशेष नाही, साहेब," मी म्हणालो. "कुठे घालायचं ते तिलाच विचारा."

साहेबांनी विचारलं.

"प्रेसशॉप, सर," तेजल म्हणाली. पण हे सांगताना ती साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.